ओसरीवरचा फोन

बोलाकाकू फोनची दुसरी घंटी होऊ देत नसत. पहिली पुरी व्हायच्या आत त्यांचा हात रिसीव्हरवर पडलेला असे आणि त्यांचं ते खणखणीत "बोला!" पलीकडच्याच्या कानात शिरलेलं असे. फोन करणारा बहुतेक वेळा दचकायचा. त्याने अजून घसाही साफ केलेला नसायचा. काकू स्वयंपाकात असोत, न्हाणीत असोत, अंगणात मोसंबीच्या रोपांना पाणी घालत असोत, घंटी झाली की त्या पळत. रिसीव्हरच्या मुठीवर कणकेचे वाळलेले ठसे कायम असायचे. 'हॅलो' हा शब्द त्यांना पटत नव्हता. "हॅलो म्हणून काय कळतं समोरच्याला? बोलायसाठीच फोन करून राह्यला ना तो? मंग त्याला बोला म्हणावं," असं त्या म्हणत. अंबडच्या कोर्टामागच्या आमच्या वसाहतीत त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. लहानमोठे सगळे त्यांना बोलाकाकू म्हणत.

मागच्या महिन्यात काकू गेल्या. तेव्हापासून मी हे लिहायचं म्हणतो आहे आणि एका जागी अडतो आहे. त्या आमच्या कोण होत्या, हे मला सांगता येत नाही. अंत्यविधीला आलेल्या एका पाहुण्याने मला विचारलं, "आपण कोण?" मी म्हणालो, "शेजारी." तो म्हणाला, "पण तुम्ही तर जालन्याहून आलात ना?" तेही खरं होतं, कॉलेजातल्या नोकरीमुळे मी कितीतरी वर्षं जालन्यात राहतो. "मग विद्यार्थी असाल त्यांचे," तो म्हणाला. काकू जेमतेम अक्षर लावून वाचणाऱ्या. त्यांचा विद्यार्थी कोण असणार? मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे त्यालाही कळलं नसावं.

काकूंचं घर गावाकडचं मोठं शेतकऱ्याचं. मुलीच्या शाळेसाठी त्यांनी अंबडला प्लॉट घेऊन घर बांधलं. काका मात्र शेतावरच जास्त असत. आमचं घर त्यांच्या घराला लागून. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि आईने लग्नाआधी व लग्नानंतरही बरीच वर्षं लोकांच्या शेतात निंदणी-खुरपणी केलेली होती. आमच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्या भिंतीवर देवीची. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती. वडील गेले, मी शिकायला बाहेर पडलो, आणि त्या भिंतीच्या अलीकडे आई एकटी राहिली. काकू तिला "बाई" म्हणत. आई त्यांना "काकू" म्हणे. दोघी साधारण एकाच वयाच्या होत्या.

वसाहतीत पहिला फोन आला तो काकूंकडे. लाइनमनने तो आतल्या खोलीत, देवघराशेजारच्या भिंतीला बसवला. सगळ्यांचे फोन तिथेच यायचे. काकू घंटीसरशी उचलत आणि मग ओरडत, "ओ वकीलसाहेब, तुमचा फोन! जल्दी या, त्याचा खर्चा होऊन राह्यला!" माणूस यायचा, चपला काढायचा, आत जायचा. आईचा फोन आला की ती मात्र ओसरीवर येऊन थांबायची. काकू आतून म्हणायच्या, "या की बाई." आई म्हणायची, "इथंच बरं." मग काकूच आत-बाहेर करून निरोप पोचवायच्या. मी तेव्हा औरंगाबादला पाली शिकवायला लागलो होतो. मी काय बोललो ते आईला काकूंच्या तोंडून कळायचं आणि आई काय म्हणाली ते मलाही.

असं काही महिने चाललं. मग एक दिवस काकूंनी लाइनमनला बोलावून फोन बाहेर काढला आणि ओसरीवरच्या कोनाड्यात बसवला. शेजारी एक बाज टाकली. आता आईला आत जायची गरज राहिली नाही. काकू घंटीसरशी बाहेर येऊन उचलत आणि रिसीव्हर आईच्या हातात देत.

ही गोष्ट मी पुष्कळदा मनात फिरवली आहे. काकूंनी फोन बाहेर आणला तो आईसाठी, की आईला आत यावं लागू नये म्हणून? की ती आत येऊच नये म्हणून? एकाच कृतीची ही तीन कारणं, आणि तिन्ही एकमेकांच्या इतकी जवळ की बोट ठेवता येत नाही. मी एकदा काकूंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "आत भिंतीला ओल हाय, वायर सडती." दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाल्या, "आत लोक बोलतानी मला भाजी सुदीक परतू देत न्हवते." तिसऱ्यांदा म्हणाल्या, "इथं वारा लागतो, बोलाया बरं." आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तुला काय करायचंय? आवाज बराबर येतो ना?"

फोनच्या शेजारी, त्याच कोनाड्यात, चहाचे दोन स्टीलचे पेले असत. आई आली की काकू आतून चहा आणून त्या दोन पेल्यांत ओतत आणि दोघी बाजेवर बसून पीत. काकूंना मी आतून वेगळा कप आणताना पाहिलं नाही. पण ते पेले आत जातानाही मी पाहिले नाहीत. काकू ते ओसरीवरच्या नळाखाली विसळून पुन्हा कोनाड्यात पालथे घालत. दोन्ही पेले अगदी सारखे होते. आईचा कुठला आणि काकूंचा कुठला हे कुणालाच सांगता आलं नसतं. पुस्तकांत मी जे वाचत होतो, शिकवत होतो, त्याच्याशी हे दृश्य जुळवून पाहायचो. कधी जुळायचं, कधी नाही.

आईची एक गोष्ट सांगायला हवी. ती त्या फोनजवळ तासन्‌तास बसे, पण तिने तो स्वतः कधी उचलला नाही. काकू मागच्या दारी असल्या आणि घंटी झाली तरी आई हात लावत नसे. "काकू, वाजलं!" म्हणून हाक मारे. तोवर काकू पळत आलेल्याच असत. "अहो, उचलायचा ना बाई, तुमच्या मांडीपाशी तर हाय," काकू चिडायच्या. आई म्हणायची, "आपला न्हाई तो."

अशात मला श्रीलंकेला जायची संधी आली. तिथल्या एका विद्यापीठात पालीचा एक वर्षाचा अभ्यास. जमलं तर आणखी एक वर्ष. वसाहतीत बातमी पसरली आणि जो तो विचारू लागला, "लंकेला? तिथं फोन हाय का?" काकूंनी माझ्या खिशात दोन मोसंबी कोंबली आणि म्हणाल्या, "सोन्याची हाय म्हणत्यात रे राहुल्या. येतानी एखादी वीट आण. न्हाई जमलं तर बाईसाठी खुशाली तरी धाडत जा."

खुशाली धाडणं वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. माझं विद्यापीठ कँडी शहराजवळ होतं, तिथे रस्त्याच्या कडेला काचेच्या खोक्यात कार्ड घालून बोलायचे फोन होते. पलीकडे उचललं की कार्डावरचे आकडे असे भराभर उतरत की मी काय बोलायचं ते विसरून नुसता आकड्यांकडे पाहत राहायचो. वसतिगृहात माझ्या खोलीत नेपाळचा एक भिक्खू होता. त्याने मला युक्ती सांगितली. पलीकडे उचललं नाही, तर कार्डातलं काही जात नाही. म्हणून घरी घंटी द्यायची आणि ठेवून द्यायचं. घंटी म्हणजे मी बरा आहे. त्याच्या घरी अशी घंटी जायची, कोणी उचलत नसे आणि सगळे समाधानाने जेवायला बसत. मला ही युक्ती फारच सुंदर वाटली. काही न बोलता सगळं कळवायचं, फुकट.

मी घरी पत्र लिहिलं: दर रविवारी सकाळी आठला घंटी वाजेल. ती माझी. कुणीही उचलायची नाही. घंटी ऐकायची आणि मी सुखरूप आहे असं समजायचं.

पहिल्या रविवारी मी नंबर फिरवला. घंटी व्हायला लागली न लागली तोच, "बोला!"

"काकू, उचलायचा नव्हता," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. पत्र वाचलं ना तुझं."

"मग का उचललात?"

"अरे बाबा, वाजलं की! वाजल्यावर काय करू?" आकडे उतरत होते. "हे घे, बाईचा जयभीम हाय, माझा रामराम हाय, दोन्ही घे. जेवतो का? तिकडं भाकर मिळती का?"

असं चार-पाच रविवार झालं. दर वेळी काकू आधी कबूल करत, की या खेपेला हात लावणार नाही. दर वेळी पहिल्या घंटीला उचलत. मी पत्रातून समजावलं, आईला सांगायला लावलं. काकूंचं म्हणणं ठाम होतं. "दारात माणूस येऊन कडी वाजवतो, अन्‌ आपण आतून ऐकून म्हणायचं, व्वा, माणूस बरा हाय, जा म्हणावं? हे कोणत्या देशातलं वागणं?" मी तेव्हा दिवसभर जुन्या ग्रंथांतले प्रश्न आणि त्यांवरची उत्तरं लावत बसायचो. काकूंच्या प्रश्नावरचं उत्तर त्यांत कुठे सापडलं नाही.

मग काकूंनी स्वतःलाच एक शिस्त लावली. आईच्या पत्रात ते वर्णन आलं होतं. रविवारी सकाळी काकू बाजेवर बसत आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरत. घंटी वाजली. काकूंनी डोळे मिटून घेतले. नाही उचलला. दोघींना इतका आनंद झाला की त्यांनी चहा दोनदा केला. दुपारी कळलं, की तो फोन माझा नव्हताच. राजूरहून काकूंच्या जावयाचा होता. सासूबाई घरात असून फोन उचलत नाहीत, हे त्या घराला फार लागलं. काकूंची मुलगी सुनंदा पुढच्या खेपेला आली ती तोंड फुगवूनच. "आई, तुला लंकेचा फोन पाहिजे, राजूरचा नको का?" काकू म्हणाल्या, "अगं, घंटीवर नाव लिहिलेलं असतं का कुणाचं?"

त्यातच त्या वर्षी श्रीलंकेने वीज वाचवण्यासाठी देशाची घड्याळं तासभर पुढे केली. काही महिन्यांनी त्यातला अर्धा तास मागे घेतला. मी हे पत्रात कळवलं. काकूंचं उत्तर आईने लिहून पाठवलं: "काकू म्हणतात, घड्याळ सरकवलं तर उन्हाचं काय केलं त्यांनी?" मी माझ्या बाजूने हिशोब करून, त्यांचे आठ वाजतील तेव्हा फोन करू लागलो. मला माहीत नव्हतं, की काकूंनी माझी सोय म्हणून ओसरीवरचं घड्याळच तासभर पुढे करून ठेवलं आहे. मी माझ्या बाजूने जुळवलं, त्यांनी त्यांच्या बाजूने. दोघांनी जुळवल्यामुळे ते जुळलं नाही. ओसरीवरच्या घड्याळात डोकावून जालन्याची एसटी गाठणारे लोक तासभर आधीच स्टँडवर जाऊन बसू लागले. वकीलसाहेबांनी तक्रार केली तेव्हा काकू म्हणाल्या, "लवकर गेल्यानं कोणाचं काय बिघडतं? तिथं पोरगं एकटं हाय."

हळूहळू मात्र त्यांना ते जमू लागलं. जावयाच्या घरी निरोप गेला, की रविवारी सकाळी फोन करू नका. घड्याळ जागेवर आलं. घंटी चार-पाच वेळा वाजायची, मी ठेवून द्यायचो, आणि पलीकडे शांतता असायची. खरं सांगायचं तर मला त्या शांततेची सवय होत नव्हती. मी रिसीव्हर ठेवायचो आणि मनात यायचं, आता तिकडे कोणी "बोला" म्हणालं नाही. युक्ती यशस्वी झाली होती, आणि मला चुकल्यासारखं वाटत होतं.

वर्ष संपत आलं तेव्हा माझ्या मार्गदर्शक भन्तेंनी मला बोलावलं. दुसऱ्या वर्षाची जागा होती. राहायचं की नाही, ते सोमवारी सांगायचं होतं. मला राहायचं होतं. एका ग्रंथाच्या मध्यावर मी होतो आणि तो तिथेच, त्या ग्रंथालयातच पुरा होणार होता. पण आईचं एक पत्र आलं होतं. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जालन्याला व्हायचं होतं. पत्र पोचलं तोवर ऑपरेशन होऊन गेलेलं असणार होतं. ते कसं झालं, तिला दिसतं का, आणखी एक वर्ष ती एकटी राहील का, एवढंच मला विचारायचं होतं. रविवारी सकाळी मी नवं कार्ड घेऊन काचेच्या खोक्यात शिरलो.

घंटी वाजत राहिली. मी ठेवलं नाही. इतका वेळ वाजते आहे म्हटल्यावर काहीतरी बोलायचं असणार, हे कोणालाही कळेल, असं मला वाटत होतं. बोलायचं असेल तेव्हा घंटी लांबवेन, असं मी पत्रात लिहिलं होतं अशी माझी अजूनही समजूत आहे. आई म्हणते, असं काही लिहिलेलं नव्हतं. घंटी वाजून वाजून आपोआप बंद पडली. मी पुन्हा लावला. पुन्हा तसंच. जी बाई दुसरी घंटी होऊ देत नाही, तिच्या घरी घंट्यांची रांग लागली होती आणि कोणी उचलत नव्हतं. बाहेर माणसं कार्डं घेऊन खोळंबली होती. त्यांना पुढे जाऊ देऊन मी परत रांगेत लागलो आणि परत तेच.

काकू घरात नाहीत, म्हणजे त्या आईबरोबर कुठेतरी आहेत. कुठेतरी म्हणजे दवाखान्यात. माझं डोकं या वाटेने चालत गेलं आणि पुढे ती वाट फार वाईट ठिकाणी पोचत होती. सोमवारी मी भन्तेंना नाही म्हणालो. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "घरी फोन उचलत नाहीत."

कोलंबोहून मद्रास, मद्रासहून रेल्वेने, मग जालन्याहून एसटी. प्रवासात मी कुठेही फोन केला नाही. कदाचित घंटी पुन्हा तशीच वाजत राहील अशी धास्ती असावी. वसाहतीच्या कोपऱ्यावर वळलो आणि समोर काकूंची ओसरी दिसली. बाजेवर दोघी बसल्या होत्या. आईच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मधे सुपात मूग होते आणि दोघी ते निवडत होत्या.

"अगं बाई! राहुल्या!" काकू उठल्या. मूग सांडले. "असा न सांगता? अरे, रविवारी केवढी खुशाली धाडली तू! वाजूनच राह्यलं, वाजूनच राह्यलं. आधी चार-पाचदा वाजायचं, तवा तू बरा असायचा. त्या दिवशी तुझी खुशाली संपतच न्हवती. मी बाईला म्हणलं, पोरगं लई मजेत हाय तिथं!"

मी आईकडे पाहिलं. ती काळ्या चष्म्याआडून माझा चेहरा शोधत होती. "मी म्हणलं व्हतं, उचला काकू," ती हळूच म्हणाली. "तर ह्या म्हणल्या, न्हाई, लिहून दिलंय त्यानं. आधी लई चुकले, आता न्हाई चुकायची."

"बिलकुल न्हाई उचलला!" काकूंचा चेहरा अभिमानाने फुलला होता. "विचार बाईला!"

मी बाजेवर बसलो. मला हसू येत होतं की रडू, ते समजेना. काकूंनी कोनाड्यातले दोन पेले काढले, मग थबकल्या, आणि आतून तिसरा आणला. अभ्यास संपला म्हणून आलो, असं मी सांगितलं. त्या दिवसापासून तो ग्रंथ माझ्याकडे अर्धाच आहे.

त्यानंतर काकूंनी पुन्हा कधी फोन वाजू दिला नाही. मी परत आल्यामुळे ती युक्ती संपलीच होती, पण मला ते एवढंच कारण वाटत नाही. कितीतरी वर्षांनी, मी जालन्याहून भेटायला गेलो असताना, काकूंनी मोसंबी सोलता सोलता एकदम विचारलं, "राहुल्या, त्या रविवारी मी उचलला असता, तर तू तिथंच राह्यला असता का?"

"माहीत नाही, काकू," मी म्हणालो. ते खरं होतं.

त्यांनी फोडी माझ्या हातावर ठेवल्या. "बाई रोज इथं बसायची," त्या म्हणाल्या. "फोन न्हाई आला तरी बसायची. तुला म्हाईत न्हाई." आणि उठून आत गेल्या.

यावर मी आजवर विचार करतो आहे. त्यांना माझं परत येण्याचं खरं कारण कधी कळलं? कोणी सांगितलं? की त्यांना त्या सकाळीच कळलं होतं? लांबलेली घंटी म्हणजे जास्तीची खुशाली, असं खरोखर वाटण्याइतक्या त्या भोळ्या होत्या का? वायर सडते म्हणणाऱ्या, वारा लागतो म्हणणाऱ्या काकू? मी आईला विचारलं. आई म्हणाली, "काकूचा हात दोनदा उठला व्हता. मी एका डोळ्यानं पाह्यलं. मंग तिनं तो परत मांडीखाली घातला." एवढंच. यातून काय समजायचं ते तिने माझ्यावर सोडलं.

पुढे मोबाइल आले. मी आईला एक घेऊन दिला. ती तो उशीखाली ठेवायची आणि विसरायची. मग मी जुन्याच नंबरावर फोन करायचो. पहिल्या घंटीला "बोला!" यायचं, आणि मागोमाग, "बाई, घ्या, तुमची लंका हाय." जालन्याला त्या शेवटपर्यंत लंकाच म्हणत राहिल्या. आईला मी जालन्याला चल म्हणून अनेकदा म्हणालो. ती म्हणायची, "मी आल्यावर काकूनं फोन कुणाला द्यायचा?"

काकू गेल्या तो दिवस साधाच होता. सकाळी उठल्या नाहीत, एवढंच. सुनंदाने मला मोबाइलवर कळवलं. मी पोचलो तेव्हा आई बाजेवर बसून होती, रोजच्याच जागी, कोनाड्यापाशी.

तिसऱ्या दिवशी ओसरी माणसांनी भरलेली होती. काका भिंतीला टेकून बसले होते. सुनंदा बाहेर आली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, आत चला. चहा तरी घ्या." आई म्हणाली, "इथंच बरं." सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला बाजूला घेऊन इतक्या वर्षांचा तो प्रश्न विचारला, की तुझ्या आईने फोन बाहेर का काढला होता. ती गोंधळली. "आईनं? मला वाटायचं बाबांनी काढला." काकांना ऐकू गेलं असावं. ते आईकडे पाहत म्हणाले, "मी न्हाई. मला वाटलं मास्तरीणबाईनी सांगितलं आसंल."

तेवढ्यात फोन वाजला.

सवयीने सगळ्यांची नजर आतल्या दाराकडे गेली. तिथून कोणीतरी धावत येईल म्हणून. दुसरी घंटी झाली. त्या ओसरीवर बसून मी पहिल्यांदाच दुसरी घंटी ऐकली. सुनंदाने तोंडाला पदर लावला. काका उठायला लागले आणि परत बसले. मी हात पुढे केला आणि तो मधेच थांबला. काकूंच्या रीतीने हा फोन एव्हाना उचललेला असायला हवा होता. आमच्या जुन्या ठरावाप्रमाणे तो वाजू द्यायला हवा होता. तिसरी घंटी झाली. काय करावं ते मला कळत नव्हतं.

आईने बाजेवर बसल्या बसल्याच हात लांबवला आणि रिसीव्हर उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने तो कानाला उलटा लावला, मग सरळ केला.

"बोला," ती म्हणाली.

पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही. आई ऐकत होती. मग म्हणाली, "न्हाई. काकू न्हाईत आता." पुन्हा ऐकत राहिली. पलीकडच्याने 'आपण कोण?' हा तोच प्रश्न विचारला असावा, जो मला त्या पाहुण्याने विचारला होता.

आईने डोळ्यांना पदर लावला नाही, आवाजही हलू दिला नाही. दुसऱ्या हाताने तिने कोनाड्यातला एक पेला सरळ केला.

"मी घरचीच बोलून राह्यले," ती म्हणाली. "बोला."